तुक्क्याचा भाव काय?

४ जून २०२४ रोजी ‘नीट’चा निकाल लागला आणि दोन आकडे मोबाइलवरून मोबाइलवर फिरू लागले: ७१८ आणि ७१९. ७२०पैकी इतके गुण म्हणजे खरं तर पेढे वाटायची बाब. पण या परीक्षेच्या गुणपद्धतीशी ज्यांचा रोजचा संबंध होता, त्यांच्या कपाळाला आठी पडली. हे गुण मिळणं शक्यच नव्हतं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला वजा एक, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. १८०च्या १८० उत्तरं बरोबर आली तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर हाती यायचे चार गेले आणि वर एकाचा दंड बसला, म्हणून ७१५. ७२०च्या खालची पहिली पायरी ७१६चीच. मधे काही नाही. पुढे उलगडा झाला की, काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते. ते मागे घेण्यात आले आणि त्यांना पुन्हा परीक्षा देण्याची मुभा मिळाली.

त्याच निकालात भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं ग्राह्य धरली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत घेतलं गेलं आणि एकच उत्तर बरोबर ठरलं. दुसरा गोळा रंगवलेल्या मुलांचे त्यामुळे प्रत्येकी पाच गुण गेले: मिळालेले चार आणि दंडाचा एक. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे आधी ६७ होते, अखेरीस १७ उरले.

बहुपर्यायी परीक्षेत बरोबर आणि चूक यांच्यातलं अंतर असं छापील गुणांहून मोठं असतं. त्यामुळे उत्तर येत नसताना गोळा रंगवायचा की कोरा सोडायचा, हा प्रश्न धाडसाचा किंवा नशिबाचा वाटला, तरी मुळात हिशेबाचा आहे. प्रत्येक तुक्क्याला एक भाव असतो. तो परीक्षेगणिक बदलतो, प्रश्नागणिक बदलतो आणि आपण कटऑफच्या अलीकडे आहोत की पलीकडे, यावरही बदलतो.

डोळे मिटून मारलेला तुक्का

सुरुवात अगदी कोऱ्या पाटीपासून करू. पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि विषयाचा गंधही नाही. उत्तरपत्रिका किती प्रकारे भरता येईल? पहिल्या प्रश्नाचे चार मार्ग, त्या प्रत्येकासोबत दुसऱ्याचे चार, असं करत ४×४×४×४×४ म्हणजे १,०२४ प्रकारे. यातला नेमका एक प्रकार पाचही उत्तरं बरोबर असलेला. पाचही चुकायचे तर प्रत्येक प्रश्नात तीन चुकीचे पर्याय, म्हणून ३×३×३×३×३ म्हणजे २४३ प्रकार. नेमकं एक बरोबर यायचं, तर ते पाचांपैकी कोणतंही असू शकतं आणि उरलेल्या चारांत प्रत्येकी तीन चुका शक्य आहेत. ५×८१ म्हणजे ४०५. याच रीतीने दोन बरोबर येण्याचे २७० प्रकार, तीनचे ९० आणि चारचे १५. बेरीज करून पाहा, १,०२४ भरते.

आता असे १,०२४ विद्यार्थी एका मैदानात बसवले, तर सरासरीने २४३ जणांना भोपळा मिळेल, ४०५ जणांचं एक उत्तर बरोबर येईल आणि एकाची पाचही बरोबर येतील. तो एकजण काहीही न शिकता पहिला येईल. प्रश्न दहा केले तर उत्तरपत्रिकेचे प्रकार १०,४८,५७६ होतात. साडेदहा लाखांत एक, म्हणजे जवळजवळ अशक्य. पण नीटला बसणाऱ्यांची संख्या वीस लाखांच्या वर आहे. त्या सगळ्यांनी दहा-दहा तुक्के मारले, तर सरासरीने दोघांचे दहाही लागतील. आपल्या गल्लीतल्या मुलाचे लागणार नाहीत हे जवळजवळ नक्की. कुणाचे तरी लागतील हेही बऱ्यापैकी संभाव्य. ‘अमक्याने नुसते तुक्के मारले आणि निघाला’ अशा कथा अभ्यासिकेत फिरतात त्या यामुळेच. त्या खोट्या नसतात, पण त्यांच्यावरून काही शिकताही येत नाही.

प्रकार मोजण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त सहा रसांचं उदाहरण येतं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतला एक, दोन, तीन असे रस घेऊन किती वेगवेगळ्या चवी तयार होतील? ६, १५, २०, १५, ६ आणि १, एकूण ६३. जेईई ॲडव्हान्स्डमधला ‘एक किंवा अधिक पर्याय बरोबर’ हा प्रश्न याच घराण्यातला. चार पर्यायांतून एक निवडायचे ४ प्रकार, दोनचे ६, तीनचे ४ आणि चारही निवडायचा १, एकूण १५. हे सारे संच सारखेच संभवनीय मानले, तर आंधळ्या तुक्क्याला पूर्ण गुण मिळण्याची शक्यता पंधरात एक. साध्या प्रश्नात ती चारात एक असते.

परीक्षेगणिक बदलणारा दर

बहुपर्यायी प्रश्नांचा जन्म अमेरिकेतला. कॅन्सासमधल्या फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५च्या सुमारास शाळकरी मुलांच्या वाचन-चाचणीसाठी ते वापरले. लगेचच पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने लाखो जवानांची झटपट चाचणी याच धर्तीवर घेतली. तपासणी सोपी झाली, पण एक जुनी अडचण मोठी होऊन समोर आली. निबंधात काही येत नसेल तर कागद कोरा राहतो. इथे काही न येणाऱ्यालाही पंचवीस टक्के मिळतात.

त्यावर निघालेला तोडगा साधा होता: बरोबर उत्तरांच्या संख्येतून, चुकीच्या उत्तरांना ‘पर्याय वजा एक’ने भागून, ती संख्या वजा करायची. चार पर्याय असतील तर चुकांचा तिसरा भाग. समजा शंभर प्रश्नांत ७० बरोबर, ३० चूक. सूत्र सांगतं, ७० वजा १०, म्हणजे ६०. याचा अर्थ उलटा लावून पाहू. या विद्यार्थ्याला ६० उत्तरं खरोखर येत होती, उरलेल्या ४० प्रश्नांत त्याने तुक्के मारले, त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे १० लागले आणि ३० चुकले. हिशेब तंतोतंत जुळतो. ऋण गुण म्हणजे शिक्षा नव्हे. नशिबाने आलेले गुण सरासरीने परत घेण्याची ती व्यवस्था आहे.

सरासरीने परत घेणारा हा नेमका दर मात्र सगळ्याच परीक्षांत नसतो. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चार पर्याय आणि एक तृतीयांश दंड आहे. आंधळ्या तुक्क्याची सरासरी कमाई बरोबर शून्य. बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षांत पाच पर्याय आणि पाव गुणाचा दंड, तिथेही शून्य. एमपीएससीत पर्याय चार, पण दंड पाव. एका गुणाच्या प्रश्नावर चारात एकदा एक गुण मिळतो आणि चारात तीनदा पाव गुण जातो. एक वजा पाऊण, उरला पाव; तो चार प्रश्नांवर पसरला, म्हणजे दर प्रश्नाला एक सोळांश गुणाचा फायदा. नीटमध्येही दंड चारपैकी एकाचा, म्हणून आंधळा तुक्काही सरासरीने पाव गुण देऊन जातो. तिथे १८० प्रश्नांवर कुणी डोळे मिटून गोळे रंगवले, तर ४५ बरोबर, १३५ चूक आणि गुण ४५ असा सरासरी निकाल लागेल. अर्थात सरासरीच्या दोन्ही बाजूंना पसारा मोठा असतो. असं करणाऱ्या शंभरातले साधारण ९५ जण उणे १३ ते अधिक १०३ एवढ्या लांबीच्या पट्ट्यात विखुरलेले सापडतील.

आणि एमएचटी-सीईटीत दंडच नाही. तिथे कोरा सोडलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे निव्वळ तोटा. गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आहे. वेळ संपत आली आणि वीस प्रश्न राहिले, तर नुसते पर्याय टिचकावून सरासरीने दहा गुण मिळतात. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना एकाच अवघड प्रश्नाशी झुंजत बसणं सीईटीत कसं महाग पडतं, ते यावरून समजावं.

अर्धवट माहितीची पुरी किंमत

प्रत्यक्षात कोऱ्या पाटीने क्वचितच कुणी परीक्षेला बसतं. ‘उत्तर येत नाही’ या एका वाक्यात अनेक अवस्था दडलेल्या असतात. काहीच सुचत नाही, ही एक. चारातला एक पर्याय नक्की नाही एवढं कळतं, ही दुसरी. दोन पर्यायांवर गाडी अडली, ही तिसरी. यांचे भाव एकमेकांपासून फार दूर आहेत.

यूपीएससीच्या पहिल्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आणि चुकीला सुमारे ०.६७चा दंड. चारही पर्याय उघडे असताना तुक्क्याची किंमत शून्य. एक पर्याय खात्रीने बाद केला, तर ती ०.२२ गुण होते. दोन बाद केले, तर ०.६७. दोन पर्यायांपर्यंत आणून सोडलेले पंधरा प्रश्न म्हणजे सरासरीने दहा गुण टेबलावर ठेवून बाहेर पडणं. उंबरठाही याच गणितातून मिळतो. दंड एक तृतीयांश असेल, तर उत्तर बरोबर असण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर गेली की गोळा रंगवणं फायद्याचं. दंड पाव असेल, तर हा उंबरठा २० टक्के.

प्रश्नकर्त्यांनाही हे सारं ठाऊक असतं, आणि त्यांच्या हाती एक हत्यार असतं: पर्यायांची मांडणी. तीन विधानं दिलेली आहेत आणि पर्याय असे आहेत: ‘फक्त १ व २’, ‘फक्त २ व ३’, ‘फक्त १ व ३’, ‘१, २ व ३’. पहिलं विधान चूक आहे एवढं एकच कळलं, तरी तीन पर्याय गळतात आणि उत्तर हातात येतं. दुसऱ्या-तिसऱ्या विधानाचं नावही ऐकलेलं नसलं तरी दोन गुण पूर्ण. आता विधानं तीच ठेवून पर्याय बदला: ‘फक्त एक’, ‘फक्त दोन’, ‘तिन्ही’, ‘एकही नाही’. पहिलं विधान चूक असल्याचं तेच ज्ञान आता केवळ ‘तिन्ही’ हा पर्याय उडवतं. तीन उरतात आणि दोन गुणांची वस्तू ०.२२ गुणांवर येते. २०२३च्या यूपीएससी पूर्वपरीक्षेत ‘यांपैकी किती विधानं बरोबर’ या धाटणीचे प्रश्न मोठ्या संख्येने आले आणि एलिमिनेशनच्या तंत्रावर विसंबलेली मुलं गांगरली. अभ्यासक्रम तोच, विद्यार्थी तेच; पर्यायांची पाटी बदलली आणि अर्धवट माहितीचा भाव नऊपटीने पडला.

सरासरीच्या पलीकडे: कटऑफ

इथवरचं गणित सरासरीचं झालं. पण परीक्षा आपण एकदाच देतो आणि सरासरी बऱ्याच प्रयत्नांनी बनते. यूपीएससीत वीस आंधळे तुक्के मारले, तर सरासरी कमाई शून्य. तरीही नेमके पाच लागून हिशेब शून्यावर मिटण्याची शक्यता २० टक्केच आहे. ४१ टक्के वेळा नुकसान होईल आणि ३८ टक्के वेळा फायदा. म्हणजे कमाई शून्य आणि हेलकावा मोठा. हेलकावा चांगला की वाईट, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

यूपीएससीचा दुसरा पेपर, सीसॅट, हे याचं उत्तम उदाहरण. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला सुमारे ०.८३चा दंड, आणि फक्त ३३ टक्के, म्हणजे २००पैकी ६६ गुण मिळवून पात्र व्हायचं. त्याहून जास्त गुणांचा काही उपयोग नाही, कमी पडले तर पहिला पेपर तपासलाच जात नाही.

एका विद्यार्थ्याची २४ उत्तरं पक्की आहेत, गुण ६०. तिथेच थांबला तर नापास, यात शंका नाही. त्याने आणखी दहा प्रश्नांत दोन-दोन पर्याय बाद करून उरलेल्यांतून एक निवडला, तर पात्र होण्यासाठी दहातले पाच लागायला हवेत. ही शक्यता ६२ टक्के. तेच दहा प्रश्न आंधळेपणाने सोडवले, तर ८ टक्क्यांच्याही थोडी खाली. आठ टक्के हाही आकडा शून्यापेक्षा मोठा आहे, म्हणून या मुलाने न थांबणंच शहाणपणाचं.

शेजारच्या बाकावरच्या मुलीची २८ उत्तरं पक्की आहेत, गुण ७०. ती पेन खाली ठेवून बसली तर पात्र. पण ‘हात रिकामे कशाला ठेवायचे’ म्हणून तिने दहा आंधळे तुक्के मारले आणि त्यातला एकच लागला किंवा एकही लागला नाही, तर ती ६६च्या खाली घसरेल. याची शक्यता आहे २४ टक्के. जवळपास चारात एक वेळा, हातातली पात्रता ती स्वतःच्या पेनाने घालवेल. प्रश्न तेच, दंड तोच, सरासरी कमाईही तीच शून्य. एकासाठी धोका पत्करणं शहाणपणाचं आहे आणि दुसरीसाठी तोच आत्मघात. ‘निगेटिव्ह मार्किंग असेल तर तुक्का मारू नये’ किंवा ‘सगळेच अटेम्प्ट करावेत’ असे सरसकट सल्ले म्हणूनच कुचकामी ठरतात.

दंतकथा आणि त्यांची तपासणी

‘काहीच येत नसेल तर सगळीकडे एकच पर्याय रंगव,’ हा सल्ला पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. उत्तरतालिकेत चारही पर्याय सारख्याच संख्येने असतील, तर शंभर प्रश्नांत सगळीकडे ‘२’ भरून नेमके २५ लागतील. वाटेल तसे गोळे भरले तरी सरासरी २५च. फरक एवढाच की, दुसऱ्या रीतीत कधी २१ लागतील, कधी २९. एकाच पर्यायाने कमाई वाढत नाही, हेलकावा थांबतो. हेलकाव्याचा अर्थ मघाशी पाहिलाच.

या दंतकथेला थोडा आधारही आहे. इस्राएलमधले संशोधक यिगाल अटाली आणि माया बार-हिलेल यांनी २००३मध्ये दाखवलं की, प्रश्न रचणारी माणसं बरोबर उत्तर मधल्या जागांवर ठेवण्याकडे झुकतात आणि उत्तर देणारेही मधल्याच पर्यायांकडे झुकतात. मात्र उत्तरांचा क्रम संगणकाने किंवा ठरवून समान वाटला की हा कल पुसला जातो.

दुसरी दंतकथा: पहिलं सुचलेलं उत्तर बदलू नये. अमेरिकेत जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या दीड हजारांहून अधिक उत्तरपत्रिकांवरची खाडाखोड तपासली आणि २००५मध्ये निष्कर्ष मांडले. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीवरून बरोबर झाली होती, २५ टक्के बरोबरवरून चूक. तरीही विद्यार्थ्यांचा विश्वास उलटाच होता, कारण बरोबर उत्तर बदलून चूक केल्याची सल वर्षानुवर्षं टोचत राहते आणि सुधारलेलं उत्तर दुसऱ्याच दिवशी विसरलं जातं.

ऋण गुणांवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. कॅथरीन बाल्डिगा कॉफमन यांच्या २०१४च्या अभ्यासात, चुकीला दंड असताना सारखंच ज्ञान असलेल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडतात, असं दिसलं. चिलीने २०१५मध्ये विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेतला दंड काढून टाकला, तेव्हा कोरे सोडण्यातली ही तफावत बरीच घटली. अमेरिकेच्या सॅट परीक्षेतला पाव गुणाचा दंडही २०१६मध्ये गेला. दंड नशीब गाळतो हे खरं, पण त्यासोबत विद्यार्थ्याचा स्वभावही मोजतो. धीट मुलगा आणि सावध मुलगी यांना सारखंच येत असूनही यादीत वेगळे क्रमांक मिळणार असतील, तर ती परीक्षा ज्ञानाची उरत नाही.

आपली टक्केवारी आपणच मोजायची

या साऱ्या गणितात एक गृहीतक आपण सहज मान्य करून टाकलं: दोन पर्याय उरले म्हणजे शक्यता ५० टक्के. हे दर वेळी खरं नसतं. चांगला प्रश्नकर्ता चुकीचे पर्याय रिकामे टाकत नाही. अर्धवट वाचणाऱ्याला जे हमखास बरोबर वाटेल, तेच तो चकवा म्हणून ठेवतो. अशा प्रश्नात ‘थोडंसं आठवणारा’ विद्यार्थी, काहीच न आठवणाऱ्यापेक्षाही जास्त वेळा चुकू शकतो. त्याच्या मते पन्नास टक्के असलेली शक्यता प्रत्यक्षात पंधरा-वीस असते आणि उंबरठ्याखालच्या प्रत्येक तुक्क्यावर तो गुण गमावत जातो.

यावर उपाय एकच आणि तो सराव परीक्षेतच करता येतो. पक्क्या उत्तरांपुढे काहीच खूण नको. दोन पर्यायांत अडकून दिलेल्या उत्तरापुढे एक खूण, तीनांत अडकलेल्यापुढे दुसरी, निव्वळ अंदाजापुढे तिसरी. उत्तरतालिका आली की प्रत्येक खुणेचे किती लागले, ते वेगळं मोजायचं. दहा-वीस प्रश्नांवरून काही ठरवू नये. शे-दोनशे खुणा साचल्या की आकडा बोलू लागतो. दोन पर्यायांवरची अचूकता इतिहासात ६० टक्के आणि अर्थशास्त्रात २० टक्के निघाली, तर यूपीएससीत इतिहासातले असे प्रश्न सोडू नयेत आणि अर्थशास्त्रातले रंगवू नयेत. एमपीएससीत त्याच २० टक्क्यांवर ना नफा, ना तोटा. तिथे कटऑफ किती दूर आहे ते पाहून ठरवावं. आणि हे निर्णय घरीच घेऊन जावेत. ओएमआर पत्रिका समोर असताना, शेवटच्या दहा मिनिटांत, कुणाच्याही डोक्यात अपूर्णांक नीट चालत नाहीत.